मोजपात्रातले हरवलेले दीड मिलिलिटर

इथेनॉल, म्हणजे साधे अल्कोहोल, मिसळलेल्या पेट्रोलची एक जुनी आणि साधी चाचणी आहे. मोठ्या काचेच्या मोजपात्रात १०० मिलिलिटर पेट्रोल घ्यायचे, त्यात १० मिलिलिटर पाणी घालायचे, बूच लावून पात्र आठ-दहा वेळा उलटेसुलटे करायचे, मधूनमधून बूच सैल करून आत साठलेली वाफ सोडून द्यायची आणि मग पात्र स्थिर ठेवून दोन थर वेगळे होण्याची वाट पाहायची. पेट्रोल निव्वळ असेल तर तळाशी पुन्हा १० मिलिलिटर पाणीच दिसते. इथेनॉल असेल तर तळाचा थर फुगलेला दिसतो, कारण इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्यात उतरलेले असते. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा इंधनात बरोबर १० टक्के इथेनॉल आहे हे मला ठाऊक होते, कारण ते मिश्रण मीच तयार केले होते. त्यामुळे तळाचा थर २० मिलिलिटरचा होणार, असे वहीत आधीच लिहून ठेवण्याचा आगाऊपणा मी केला. प्रत्यक्षात तो साडेअठराच्या आसपास येऊन थांबला. पुन्हा केले, पुन्हा तेच. (हा प्रयोग उघड्या हवेत आणि आगीपासून, ठिणगीपासून पुष्कळ दूर राहूनच करायचा असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत लांबवर पसरते.)

हरवलेल्या त्या दीड मिलिलिटरचा शोध घेताना मला या तीन द्रवांविषयी जेवढे कळले, तेवढे पाठ्यपुस्तकातल्या ‘समानात समान विरघळते’ या एका वाक्याने कधी कळले नव्हते.

इथेनॉलचा रेणू लहान आहे, आणि त्याला दोन तोंडे आहेत असे म्हटले तरी चालेल. एका बाजूला दोन कार्बनची छोटी शेपटी आहे, जी पेट्रोलमधल्या हायड्रोकार्बनांसारखीच तेलकट वृत्तीची आहे. दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा हायड्रॉक्सिल गट आहे, आणि तो पाण्याच्या रेणूशी हायड्रोजन बंध जोडू शकतो. शेपटी इतकी आखूड असल्यामुळे इथेनॉल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते, आणि शेपटी मुळात आहे म्हणून ते पेट्रोलमध्येही मिसळते. पाणी आणि पेट्रोल मात्र एकमेकांना जवळजवळ ओळखतच नाहीत. निव्वळ पेट्रोलमध्ये विरघळणारे पाणी दहा लाख भागांत शंभरेक भाग, म्हणजे शेकडा एक शतांश भागाच्या आसपास असते. अशा दोन अनोळखी द्रवांच्या मध्ये इथेनॉल उभे राहिले की काही मर्यादेपर्यंत ते मध्यस्थी करते. १० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल, ज्याला ई-१० म्हणतात, ते १५ अंश सेल्सिअसच्या सुमारास साधारण अर्धा टक्का पाणी स्वच्छ, पारदर्शक राहून पोटात घेते. म्हणजे १० लिटर इंधनात सुमारे ५० मिलिलिटर पाणी. हे प्रमाण निव्वळ पेट्रोलच्या पन्नासेक पट आहे. इथेनॉलमुळे इंधनाचे पाण्याशी जमत नाही, ही जी सर्वसाधारण समजूत आहे ती म्हणूनच अर्धवट आहे. या मर्यादेच्या आत इथेनॉल पाण्याला सांभाळून घेते. बिघडते ते मर्यादा ओलांडल्यावर, आणि तेव्हा मात्र एकदम बिघडते.

मर्यादा ओलांडली की मध्यस्थ स्वतःच पक्ष बदलतो. जास्तीचे पाणी एकटे तळाशी जात नाही. ते इथेनॉलला सोबत घेऊन जाते, कारण हायड्रॉक्सिल गटाला पाण्याच्या सहवासात मिळणारे हायड्रोजन बंध पेट्रोलच्या सहवासात मिळत नाहीत. फार थोडे जास्त पाणी असेल तर तळाच्या थरात पाण्यापेक्षा इथेनॉलच कितीतरी जास्त असते, आणि इथेनॉलच्या मागोमाग पेट्रोलमधली टोल्युइनसारखी थोडी ॲरोमॅटिक (बेन्झीनचे कडे असलेली) संयुगेही खाली उतरतात. या थराची घनता पेट्रोलपेक्षा जास्त असल्यामुळे तो तळाशीच बसतो. साध्या पेट्रोलच्या टाकीत चमचाभर पाणी गेले तर ते चमचाभर पाणीच राहते आणि कोपऱ्यात पडून असते. ई-१० मध्ये मर्यादेच्या काठावर असताना तेच चमचाभर पाणी गेले तर तळाशी कित्येक चमच्यांचा थर तयार होतो. दोन्ही ठिकाणी ‘टाकीत पाणी गेले’ असेच म्हटले जाते, पण रसायनाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि मला वाटते की या विषयावरचे बरेचसे वाद हा फरक न केल्यामुळे होतात.

आता त्या दीड मिलिलिटरकडे वळतो. त्यातला एक भाग अगदी सरळ आहे: सगळे इथेनॉल खाली उतरत नाही, थोडेसे वरच्या थरात मागे राहतेच. दुसरा भाग जास्त मनोरंजक आहे. ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर इथेनॉल एकत्र केले तर १०० मिलिलिटर होत नाही, ९६ ते ९७ मिलिलिटर होते. हायड्रोजन बंधांच्या जाळ्यात इथेनॉलचे रेणू असे काही दाटीवाटीने बसतात की दोघांचे मिळून आकारमान आक्रसते, आणि मिश्रण हाताला कोमटही लागते. मेंडेलीव्ह यांनी मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडण्याआधी, १८६५ मध्ये, डॉक्टरेटसाठी जो प्रबंध लिहिला तो अल्कोहोल आणि पाणी यांच्या संयोगावरच होता, आणि हे आक्रसणे कोणत्या प्रमाणाला सर्वांत जास्त असते याचा त्यांनी काटेकोर अभ्यास केला होता. रशियन वोडकातले अल्कोहोलचे प्रमाण त्यांनीच ठरवून दिले, अशी जी आख्यायिका त्या प्रबंधाला चिकटली आहे तिला आधार नाही. माझ्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी आणि जवळजवळ तितकेच इथेनॉल मिसळून सुमारे पाऊण मिलिलिटर अशा आक्रसण्यात गेले होते, आणि उरलेली तूट वर राहिलेल्या इथेनॉलची होती.

ही तूट चाचण्या ठरवणाऱ्यांना अर्थातच माहीत आहे. ब्राझीलमध्ये पेट्रोलमधले इथेनॉल मोजण्यासाठी जी अधिकृत पद्धत वापरतात तिच्यात ५० मिलिलिटर पेट्रोल आणि १० टक्के मीठ विरघळवलेले ५० मिलिलिटर पाणी घेतात, खालचा थर जितका वाढला त्याची दुप्पट करतात आणि त्यात एक मिळवतात. दुप्पट करायचे कारण उघड आहे, कारण नमुना ५० मिलिलिटरचा आहे आणि उत्तर शेकड्यात हवे आहे. शेवटचे ‘अधिक एक’ मला फार आवडते, कारण माझ्या वहीतली चूक त्या एका अंकात सामावलेली दिसते. मिठाचे कामही समजून घेण्यासारखे आहे. मिठाचे आयन पाण्याचे रेणू आपल्याभोवती बांधून ठेवतात, त्यामुळे पाण्याच्या थरात हायड्रोकार्बनांना शिरायला जागा राहत नाही आणि दोन थरांमधली रेषा नीट, वाचता येण्याजोगी होते.

पाण्याच्या बाजूने जी जवळीक आकारमान घटवते, तीच पेट्रोलच्या बाजूने उलटी दिसते. शुद्ध इथेनॉलमध्ये रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. थोडे इथेनॉल भरपूर पेट्रोलमध्ये पसरले की हे बंध तुटतात, त्यांच्या जागी नवे काही जुळत नाही, म्हणून मिश्रण किंचित फुगते, किंचित थंड होते आणि मोकळे पडलेले रेणू वाफ होऊन निसटायला उत्सुक होतात. एकट्या इथेनॉलचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, पेट्रोलपेक्षा खूपच कमी असतो, तरीही त्यातले पाच-दहा टक्के मिसळल्यावर मिश्रणाचा बाष्पदाब पेट्रोलपेक्षा सुमारे ७ किलोपास्कलने वाढतो. कमी बाष्पशील द्रव घातल्याने मिश्रण जास्त बाष्पशील व्हावे, हे पहिल्यांदा वाचल्यावर छपाईची चूक वाटते. ती चूक नाही. इथेनॉल पेट्रोलमध्ये राहते खरे, पण नाइलाजाने राहते, आणि संधी मिळताच ते वर वाफेत किंवा खाली पाण्यात पळू पाहते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

या साऱ्यामुळे पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल कोरडे असावे लागते, आणि ते कोरडे करणे सोपे नाही. आंबवलेल्या द्रवाचे ऊर्ध्वपातन करत गेले की इथेनॉलचे प्रमाण वाढत जाते, पण वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर येऊन गाडी थांबते. त्या प्रमाणाचे मिश्रण ७८.२ अंशांच्या जवळ उकळते, म्हणजे शुद्ध इथेनॉलपेक्षाही थोडे आधी, आणि त्याच्या वाफेतही पाण्याचे तेच प्रमाण असते. मग कितीही उकळले तरी काही वेगळे होत नाही. अशा मिश्रणाला अझिओट्रोप म्हणतात. १९०२ मध्ये सिडनी यंग या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी यातून वाट काढली. त्यांनी बेन्झीन हा तिसरा द्रव घातला, आणि पाणी, बेन्झीन व इथेनॉल यांचे आणखी खालच्या तापमानाला उकळणारे त्रिकूट पाण्याला घेऊन वर निघून गेले. बेन्झीन कर्करोगकारक असल्यामुळे ती पद्धत आता मागे पडली आहे. आजचे बहुतेक कारखाने झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या मण्यांनी भरलेल्या स्तंभातून इथेनॉलची वाफ सोडतात. या मण्यांतली छिद्रे ३ अँगस्ट्रॉमची, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट, असतात. पाण्याचा रेणू त्यांत शिरतो आणि अडकतो, इथेनॉलचा रेणू मोठा असल्यामुळे बाहेरच राहतो. चाळणीचे तत्त्व इतक्या लहान मापात वापरले जाते, हे मला अजूनही नवलाचे वाटते.

गंमत अशी की इथेनॉल जितके जास्त, तितकी पाण्याची भीती कमी. पाच टक्के इथेनॉलचे मिश्रण ई-१० च्या निम्म्याहूनही कमी पाणी सहन करते, तर ८५ टक्क्यांचे मिश्रण त्याच्या कितीतरी पट. ब्राझीलमधल्या अनेक गाड्या तर निव्वळ इथेनॉलवर चालतात आणि त्या इथेनॉलमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास पाणी मुद्दामच ठेवलेले असते. पेट्रोलच नसल्यामुळे थर पडण्याचा प्रश्नच येत नाही. याची दुसरी बाजू अशी की टाकीतल्या ई-१० ने बरेच पाणी शोषले असेल, पण ते अजून स्वच्छ दिसत असेल, तर त्यात निव्वळ पेट्रोल ओतून ते ‘सुधारायला’ जाणे धोक्याचे आहे. समान भाग पेट्रोल घातल्यास पाणीही निम्मे होते आणि इथेनॉलही, पण पाणी सांभाळण्याची क्षमता निम्म्याहून जास्त घटते, आणि जे मिश्रण काल पारदर्शक होते ते आज गढूळ होते. चांगल्या हेतूने घातलेल्या पेट्रोलनेच थर पडावेत, ही गोष्ट हिशेब न करता पटत नाही.

हिशेबाचेच निघाले आहे तर हवेतल्या दमटपणाचाही करू. ‘इथेनॉल हवेतून पाणी ओढते’ हे वाक्य खरे आहे, पण ते किती ओढते हे सहसा कुणी विचारत नाही. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ असते. टाकीत १० लिटर ई-१० आणि त्यावर १० लिटर रिकामी जागा असेल, तर त्या जागेतल्या हवेत फार तर ०.३ ग्रॅम पाणी मावते. थर पडायला ५० ग्रॅम लागणार, म्हणजे ती सगळी हवा दीडशेहून जास्त वेळा बदलावी लागेल, आणि दर वेळी तिच्यातले सगळे पाणी इंधनात उतरावे लागेल. दिवस-रात्रीच्या तापमानात १५ अंशांचा फरक पडला तर टाकीतली हवा साधारण पाच टक्के फुगते आणि आक्रसते. म्हणजे टाकी रोज अर्धा लिटर श्वास घेते आणि त्यातून ०.०१५ ग्रॅम पाणी येते. या वेगाने ५० ग्रॅम जमायला नऊ वर्षे लागतील. पेट्रोलच्या बाष्पदाबातल्या चढउतारामुळे हा श्वास याच्या पाचपट मोठा धरला तरी जवळजवळ दोन वर्षे होतात, आणि तोवर इंधन वेगळ्याच कारणांनी खराब झालेले असते. टाकीच्या भिंतीवर दव साचते, हा मुद्दाही याच हिशेबात येतो, कारण ते दवही आत आलेल्या हवेतूनच येणार. शिवाय हवा पुरेशी दमट नसेल तर थर पडण्याच्या आधीच इंधन आणि हवा यांच्यात समतोल साधला जातो आणि शोषण थांबते. झाकण नसलेल्या कॅनला किंवा समुद्रावर महिनोन्महिने उभ्या असलेल्या बोटीला हा हिशेब जसाच्या तसा लागू नाही. तरीही माझे मत असे झाले आहे की बंद टाकीत थर पडलेला आढळला तर दमट हवेला दोष देण्याआधी द्रवरूप पाणी कुठून शिरले ते शोधावे: झिजलेले झाकण, पावसात उघडी राहिलेली नळी किंवा साठवणीच्या टाकीच्या तळाशी आधीच असलेले पाणी.

इंजिनातून निघणाऱ्या धुरात पाण्याचे थेंब दिसले म्हणून इंधनात पाणी आहे, असे समजणारेही भेटतात. त्यांच्यासाठी एवढेच, की एक लिटर पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनपासून सुमारे ९०० ग्रॅम पाणी तयार होते आणि एक लिटर इथेनॉल जळतानाही जवळजवळ तितकेच. सायलेन्सर थंड असेल तर त्यातले थोडे थेंब होऊन बाहेर पडणारच.

थर पडल्यावर इंजिनाला काय त्रास होतो, हे मात्र थोडक्यात सांगण्यासारखे नाही. टाकीतून इंधन ओढणारी नळी बहुधा तळाजवळ असते, म्हणून इंजिनाच्या वाट्याला आधी खालचा थर येतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९, आणि पाण्याला अर्थातच काहीच नाही. पेट्रोलच्या हिशेबाने मोजून दिलेल्या हवेत हा द्रव गेला की मिश्रण इतके विरळ होते की पेट घेत नाही. त्यात इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि पाण्याला त्याहूनही कितीतरी जास्त, त्यामुळे थंड इंजिन सुरू होण्याची आशा आणखी मावळते. वरचा थर वापरावा म्हटले तर त्याचे इथेनॉल गेलेले असते आणि सोबत ऑक्टेनचे (इंजिनात इंधन वेळेआधी पेटू न देण्याच्या क्षमतेचे) दोन-तीन अंकही. म्हणजे दोन्ही थरांपैकी एकही मूळ इंधन राहिलेला नसतो. तळाचा थर विद्युतवाहकही असतो, त्यात क्षार विरघळतात, ॲसिटिक आम्ल बनवणारे जीवाणू त्यात आणि थरांच्या सीमेवर वाढतात, आणि जस्ताचा मुलामा, ॲल्युमिनियम, साधे पोलाद यांना गंज लागायला सुरुवात होते.

पण पाणी नेहमीच गंजाचा मित्र असते असेही नाही. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. अत्यंत कोरडे इथेनॉल पुरेसे गरम झाले आणि हा थर कुठे फाटला, तर इथेनॉल थेट धातूशी अभिक्रिया करते. ॲल्युमिनियम इथॉक्साइड तयार होते, हायड्रोजन निघतो, आणि एकदा सुरू झालेले हे पोखरणे फार वेगाने पुढे जाते. त्याच इथेनॉलमध्ये अगदी थोडे पाणी असेल तर ऑक्साइडचा फाटलेला थर पुन्हा भरून निघतो आणि अभिक्रिया सुरूच होत नाही. ज्या पाण्याला बाहेर काढण्यासाठी एवढा खटाटोप, तेच चिमूटभर हवे, असा हा प्रकार आहे.

मोजपात्राच्या प्रयोगानंतर मी आणखी एक लहान प्रयोग केला. काचेच्या बंद नळीत ई-१० घेऊन त्यात एक-एक थेंब पाणी घालत, हलवत, ते गढूळ होण्याच्या अगदी काठावर आणून ठेवले आणि नळी बर्फाच्या पाण्यात बुडवली. मिनिटभरात आतले इंधन दुधाळ झाले, कारण थंडीत पाणी सांभाळण्याची मर्यादा खाली येते. नळी बाहेर काढून तळहातात धरली, तर दुधाळपणा विरत जाऊन पुन्हा स्वच्छ पारदर्शक द्रव दिसू लागला. मग तीच नळी मी बर्फात रात्रभर उभी ठेवली. सकाळी वरचे इंधन स्वच्छ होते आणि तळाशी काचेच्या गोलाईत एक चमकदार, घट्ट सीमेचा थेंब बसला होता. या वेळी नळी तळहातात कितीही वेळ धरली तरी तो थेंब तसाच राहिला. हलवल्यावर मात्र तो विस्कटला, दुधासारखा पसरला आणि हळूहळू नाहीसा झाला. उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीला असे हलवायला कुणी येत नाही.